आबा बोलायचे

आमच्या गावची दूध संस्था यंदा स्मरणिका काढणार आहे. संस्थेच्या पहिल्या चेअरमनवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, आबांवर, घरातल्या प्रत्येकाने एकेक पान लिहायचं ठरलं. माझ्या भावाने लिहिलं. त्याच्या पानाचं नाव 'वाणीचा धनी'. मग संस्थेच्या सचिवांनी मला मोबाइलवर निरोप पाठवला : 'कुसुमताई, तुम्हीपण चार ओळी द्या. लाडक्या लेकीच्या आठवणी.' दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहायला बसले, त्याचं हे झालं. हे स्मरणिकेत छापणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

मी जन्मापासून बहिरी आहे. वडवणीच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं गाव. त्या भागात आबांइतकं भाषण कोणी केलं नसेल. दूध संस्थेची सभा, सोसायटीची निवडणूक, कोणाचं लग्न, कोणाची दहाव्याची शोकसभा, आबा उभे राहिले की माणसं उठत नसत असं सांगतात. त्यातलं एक अक्षर मी ऐकलेलं नाही. इथे माणसं जे बोलताना दिसतील, ते मी काही ओठांवरून वाचलं आणि बाकीचं मला आक्काने सांगितलं. आक्का माझी थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. तिची आठवण जबरदस्त आहे. कोण काय बोललं ते ती शब्दाला शब्द लावून परत सांगते, आणि त्यात स्वतःचं काही घालत नाही.

आबा दिसायला देखणे होते. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेन. लहानपणी मला कोणाचंच नाव माहीत नव्हतं, तेव्हा मी आबांना त्या पेनांनी ओळखायचे. आईला सांगायचं असलं की आबा आले, तर छातीवर डाव्या बाजूला दोन बोटं ठेवायची. आईला ते कळायचं. आबांना ते कधी कळलं नाही, कारण मी काय करते तिकडे ते बघत नसत. त्यांना भरघोस मिशी होती. वरचा ओठ पूर्ण झाकलेला, खालचा सुपारीने सतत हलणारा. माझ्यासारखीला माणसाच्या तोंडात भिंत बांधलेली दिसावी, तसं ते तोंड होतं. मी पुढे शेकडो माणसांचे ओठ वाचले. डॉक्टरांचे, कंडक्टरचे, भांडणाऱ्या बायकांचे. आबांचं एक वाक्य मला कधी धड वाचता आलं नाही.

त्यांना एक नाद होता. पाहुणे आले की ते मला अंगणात बसवत, पितळी परात घेऊन माझ्या पाठीमागे येत आणि ती पळीने बडवत. मी वळले नाही की पाहुण्यांकडे बघून हात उडवत. मग पाहुणे एकेक उपाय सांगत. कोणी कानात तेल सांगे, कोणी अमक्या देवाला नेऊन आणायला सांगे. हे किती वेळा झालं त्याला मोजदाद नाही. मला त्यातलं काही कळायचं नाही. मला एवढंच कळायचं की आपल्याला बसवतात, सगळे आपल्याकडे बघतात, आणि मग सगळ्यांची तोंडं पडतात.

आई त्या वेळी समोर बसलेली असायची, बहुतेक ज्वारी पाखडत. एकदा मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला दिसलं की तिच्या पापण्या एकदम मिटतात, खांदे उडतात, आणि त्यानंतर लगेच सगळे माझ्याकडे बघतात. पुढच्या वेळी पापण्या मिटल्या तशी मी मागे वळले.

त्या वेळी मी सहा वर्षांची असेन. आबांनी परात फेकून दिली आणि मला उचलून खांद्यावर घेतलं. आयुष्यात त्यांनी मला खांद्यावर घेतलं ते तेवढं एकदा. मला उंचावरून गल्ली दिसली, माणसं धावत येताना दिसली. त्या दिवशी दूध संस्थेच्या दुधाचा खवा आटवून गावभर पेढे वाटले. आबा पारावर उभे राहून बोलले. आक्का सांगते, बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

चौथ्या दिवशी खळ्यावर बैलगाडी मागे घेत होते आणि मी गाडीच्या मागे मातीत खेळत बसले होते. आबा बांधावरून ओरडले. एकदा, दोनदा, तीनदा. मी उठले नाही. चाक डाव्या पायाच्या दोन बोटांवरून गेलं. त्यांनी मला ओढून काढलं आणि आधी दोन मुस्काटात दिल्या, मग रक्त बघितलं. आई धावत आली तेव्हा ते तिला म्हणाले, "ऐकू येतंय हिला. समद्या गावानं बघितलंय. पोरगी माजली हाय, दुसरं काय न्हाई."

आई म्हणाली, "अहो, न्हाई येत."

"तू गप."

पेढे वाटून झाले होते. आता शब्द मागे घ्यायचा म्हणजे गावासमोर खाली मान घालायची. त्यापेक्षा लेक ढोंगी आहे, हे त्यांना सोपं गेलं. पुढची चार वर्षं मी आमच्या घरात बहिरी नव्हते, हट्टी होते. हाक मारली आणि वळले नाही की मार बसायचा. तो कशाबद्दल बसतोय हे मला कळायला काही मार्ग नव्हता. मी माराला वळवाच्या पावसासारखं समजायला लागले. कधी येईल सांगता येत नाही, येऊन जातो.

मी दहा वर्षांची असताना लागोपाठ दुसरा पाऊस गेला. विहिरींत खडक दिसायला लागले. दूध संस्थेचे कॅन उपडे पडले. आमचा तांबडा बैल आबांनी दोरी धरून बाजारात नेला आणि एकटेच परत आले. गावात जनावरांची छावणी मिळावी म्हणून आबा तीन दिवस तहसीलच्या पायरीवर बसले होते. अन्नाला शिवले नाहीत. छावणी मिळाली. टँकरही मिळाला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि मी त्या खोडून काढत नाही. आमच्या गावातली कितीतरी जनावरं त्यांच्यामुळे जगली. परक्याच्या गाईचं हंबरणं त्यांना तीन दिवस पायरीवर बसवू शकत होतं. मला हे लिहिताना राग येतो तो याच गोष्टीचा. हा माणूस दगड असता, तर मला काही लिहायचं नव्हतं.

छावणीच्या उद्‌घाटनाला एक पुढारी आले होते. त्यांच्याबरोबर त्या दिवशी एक बाई आल्या. आष्टीच्या बाजूला बहिऱ्या मुलांची निवासी शाळा निघाली होती आणि त्या शाळेच्या या पाटणकर बाई गावोगाव फिरून मुलं शोधत होत्या. त्यांनी माइकवरून विचारलं की या गावात ऐकू न येणारं एखादं मूल आहे का. मी पुढेच बसले होते, आक्काच्या मांडीला टेकून. बाईंच्या हातातून माइक आबांनी घेतला.

"आमच्या गावात आसलं एक बी लेकरू न्हाई," आबा म्हणाले. "एक हुतं, ते देवाच्या दयेनं बरं झालं."

बायकांच्या घोळक्यातून आक्का उभी राहिली. माझं डोकं तिच्या मांडीवरून घसरलं म्हणून मी वर बघितलं. ती म्हणाली, "आबा, खोटं कावून बोलता? कुसुमला काय बी ऐकू येत न्हाई. कदीच आलं न्हाई."

मला ऐकू आलं नाही, पण मंडप कसा थांबला ते मी बघितलं. वारा घालणारे हातसुद्धा थांबले. पाटणकर बाई व्यासपीठावरून उतरून माझ्यासमोर येऊन बसल्या, मातीत, साडी न सावरता. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. मागे व्यासपीठावर आबा अजून माइक धरून उभे होते. त्यांना तोंड मिटून उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघत होते. पण ते फार वेळ नाही. ते पुन्हा बोलायला लागले. आक्का सांगते, ते म्हणाले की बापाच्या वेड्या मायेनं माझे डोळे बांधले होते, आज लेकीनं ते उघडले, आणि मी माझ्या काळजाचा तुकडा या शाळेच्या वटीत घालतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यांनी त्यांची पाठ थोपटली. मला सगळे हात हलताना दिसले आणि काहीतरी चांगलं झालं असं वाटून मीही हात हलवले.

त्याच उन्हाळ्यात आक्काचं लग्न उरकलं. टँकरच्या पाण्यावर, पन्नास माणसांत, दोन मुलांच्या बिजवराशी. आबांनी त्याबद्दल भाषण केलं नाही.

मला शाळेत आबांनीच पोचवलं. दोन एसट्या बदलून गेलो. कुठे चाललोय हे मला सांगणं कोणाला शक्य नव्हतं, आणि कोणी प्रयत्नही केला नाही. आबांनी माझा दंड धरला होता. काही महिन्यांपूर्वी तांबडा बैल असाच धरून नेलेला मी बघितला होता आणि तो परत आला नव्हता. शाळेच्या फाटकात आबांनी माझा दंड सोडला, मुख्याध्यापकांशी पाऊण तास बोलले, आणि माझ्याकडे न येता निघून गेले. आपल्याला विकलं, हे मला समजलं. मी चार दिवस जेवले नाही. पाटणकर बाईंनी मला त्यांच्या खोलीत झोपवलं.

महिनाभराने बाईंनी माझा फोटो एका पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खाली तीन अक्षरं लिहिली. फोटो, अक्षरं, माझी छाती. फोटो, अक्षरं, माझी छाती. शेजारी दुसरीचा फोटो, दुसरी अक्षरं, तिची छाती. असं किती वेळ चाललं कोण जाणे. आणि मग एकदम मला कळलं की मला नाव आहे. घरच्यांना ते पहिल्यापासून माहीत असणार. मला दहाव्या वर्षी कळलं. वर्गात बाई आवाज काढायला शिकवायच्या, पण खरी भाषा वसतिगृहात मिळाली, मोठ्या मुलींच्या हातांतून. चार-पाच महिन्यांत माझे हात थांबेनात. काल आणि उद्या हे वेगळे असतात, हेसुद्धा मला हातांनीच कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते हात घेऊन घरी गेले. आईला मी पाणी, भाकर, ताप, मांजर शिकवलं. आई वीसेक खुणा शिकली. त्या ती चुलीकडे तोंड करून, पाठमोरी, कमरेखाली करायची, आबांना दिसू नयेत म्हणून. कारण आबांनी पहिल्याच दिवशी चिंचेची शिमटी काढून माझ्या मनगटांवर ओढली होती. "ह्या माकडचेष्टा शाळंत. माझ्या घरात माणसावानी बोलायचं." मग पाहुण्यांसमोर मला उभं करून 'आबा' म्हणायला लावत. मी म्हणायचे. माझा आवाज कसा आहे ते मला माहीत नाही, पण तो ऐकल्यावर पाहुण्यांच्या तोंडावर काय होतं ते मला चांगलं दिसायचं. तिसऱ्या सुट्टीत मी आवाज बंद केला. तो आजही बंद आहे.

पंधराव्या वर्षी मी त्यांना एक चिठ्ठी लिहिली. आयुष्यात त्यांना लिहिलेली पहिली चिठ्ठी. 'आबा, मिशी थोडी कापा. मला तुमचे ओठ दिसत नाहीत. मला तुमचं बोलणं वाचायचं आहे.' दोनदा लिहिली, अक्षर चांगलं यावं म्हणून. त्यांनी ती वाचली, घडी केली आणि पेनांच्या मागे खिशात ठेवली. मला वाटलं, जपून ठेवली. संध्याकाळी पारावर त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. "पोरगी शिकली म्हंता म्हंता बापाची मिशी उतरवाय निगाली बे!" पार हसला. मी घराच्या ओट्यावरून बघत होते. लोक हसताना माझ्याकडे वळून बघत होते. पुढे कितीतरी वर्षं हा त्यांचा सभेतला हमखास किस्सा होता. माझ्या भावाने 'वाणीचा धनी'मध्ये तो 'आबांची विनोदबुद्धी' म्हणून घातला आहे.

माझं अठरावं सरलं तेव्हा मी सातवीत होते. उशिरा सुरुवात केली की असं होतं. मे महिन्यात घरी आले तर ओसरीवर सतरंजी अंथरलेली आणि आई मला नवं लुगडं नेसवत होती. दिंद्रुडकडची माणसं बघायला आली होती. मुलगा, त्याची आई आणि मामा. आई माझ्या डोळ्यांत बघेना, तेव्हाच मला कळलं.

आबा बोलत होते. त्यांचं मला वाचता येत नव्हतं. पण मुलाच्या मामांनी दाढीमिशी सफाचट केली होती, ओठ पातळ आणि स्वच्छ. म्हणून मला अर्धं संभाषण मिळालं. मामांनी विचारलं, "कमी मंजी किती कमी?" आबा काहीतरी म्हणाले. मामा म्हणाले, "मग जरा मोट्यानं बोललं की भागतंय." आबा बोलले. मामा म्हणाले, "लाजरी हाय व्हय. आमाला लाजरीच पायजे." मुलाची आई माझ्याकडे बघून हसली. साधी बाई होती. तिला फसवत होते आणि ती हसत होती.

मी आत गेले, वहीचं पान फाडलं आणि लिहिलं : 'मी जन्मापासून पूर्ण बहिरी आहे. मोठ्याने बोललं तरी ऐकू येत नाही. मी सातवीत आहे. मला शिकायचं आहे. तुमची फसवणूक होऊ नये म्हणून लिहिलं.' बाहेर येऊन ते मुलाच्या आईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने ते मामांना दिलं. मामांनी ते मोठ्याने वाचलं. मी त्यांचे ओठ बघत होते, एकही शब्द त्यांनी गाळला नाही. मग ते उठले. जाताना आबांना म्हणाले, "चेअरमन, लेकीचं अक्षर लई चांगलं हाय."

त्या दिवशी आबांनी मला मारलं नाही. मी तयार होते, पण त्यांनी हात उचलला नाही. ते ओसरीवर बसून राहिले, सतरंजीच्या कडेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझी पिशवी भरली आणि तिने स्वतः मला फाट्यावर नेलं. आई कधी एकटी फाट्यावर आली नव्हती. उन्हाकडे तोंड करून, मला ओठ दिसतील असं उभं राहून, ती म्हणाली, "जा. मी हाय. माघारी बगू नको." आईला एवढं मात्र पहिल्यापासून कळायचं, की तोंडावर उजेड पाहिजे.

त्यानंतर आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शपथ घेतली होती म्हणे, हिच्याशी आता जन्मात बोलणार नाही. हे मला आक्काच्या पत्रातून सहा महिन्यांनी कळलं. मला फरक जाणवला नव्हता.

मी शिकले, शिवणाचं प्रशिक्षण घेतलं आणि त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पाटणकर बाई निवृत्त झाल्या. आई गेली तेव्हा मी गावाला जाऊन आले. आबा पुरुषांत बसले होते, मी बायकांत. त्यांनी चेअरमनपद सोडलं होतं, पण लोक अजून त्यांच्याभोवती बसत होते आणि ते बोलत होते.

मग एका जूनमध्ये, दुपारी, आमचे शिपाई गंगाराममामा शिवणवर्गात आले आणि त्यांनी मला खूण केली की बाहेर कोणी म्हातारे तुम्हाला विचारतायत. कार्यालयाच्या पायरीवर आबा उभे होते. पार वाकलेले, सदऱ्याची इस्त्री मोडलेली. त्यांच्या बोटाला धरून चार वर्षांची मुलगी. माझ्या भावाची धाकटी. मी तिला एकदाच पाहिलं होतं, पाळण्यात. आबा काही बोलायच्या आत मला कळलं, कारण मागे हातपंपावर मुलींनी बादली पाडली, गंगाराममामा दचकले, आबा दचकले, आणि ती आपल्या पायाशी चाललेली मुंगी बघत राहिली.

शपथ मोडायची नव्हती म्हणून ते माझ्याशी बोलले नाहीत. गंगाराममामांकडे तोंड करून बोलले, आणि मामांनी मला हातांनी सांगितलं. पोरीच्या बापाला, म्हणजे माझ्या भावाला, ही शाळा नको होती. तो म्हणत होता, येईल बोलायला. आबा त्याला न सांगता तिला घेऊन आले होते. मी भावाला मेसेज करून खात्री केली, चार तास त्याच्याशी भांडले, आणि शेवटी त्याने होकार लिहून पाठवला. तोवर आबा पायरीवरच बसून होते. मी त्यांना पाणी विचारलं नाही. मामांनी दिलं असेल.

अर्ज भरून झाला. आबांनी पोरीच्या कपड्यांची पिशवी मामांकडे दिली आणि त्यांना काहीतरी सांगितलं. जास्त नाही, दोन-तीन वाक्यं. मामा माझ्याकडे वळले. मामांच्या हातखुणा कच्च्या आहेत, म्हणून ते सावकाश करतात, आणि जोडीला ओठही हलवतात.

"म्हणतात, हिला अंधारात ठेवू नका. दिवा घालवला की हिला कोणाचं तोंड दिसत नाही, हात दिसत नाहीत. मग हिला वाटतं सगळे निघून गेले. लई भिती."

मी मामांना परत सांगायला लावलं. त्यांनी परत तेच सांगितलं.

मग मी आबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. आमच्या घरात दिवेलागणीनंतर तासाभरात चिमणी विझवत. दहा वर्षं. मी किंचाळायचे असं आक्का सांगते. रॉकेल वाया जातं म्हणून आबा चिमणी लावू देत नसत, आणि आई माझा हात धरून बसायची. मला नेहमी वाटत आलं होतं की त्यांना माहीत नव्हतं. एवढी एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने धरून ठेवली होती, की या माणसाला कळतच नाही.

ते उठले, फाटकाबाहेर गेले. पोरगी त्यांच्यामागे धावली, मी तिला कमरेवर उचललं. ती माझ्या खांद्यावर रडत होती, तिच्या छातीतून माझ्या छातीत सगळं हादरत होतं. एसटी आली. आबांना पायरी चढवेना, कंडक्टरने काखेत हात घालून वर घेतलं. गाडी धुरळा उडवत आष्टीकडे गेली. श्रावणात ते वारले.

गाडी गेल्यावर मी पोरीला घेऊन वसतिगृहात गेले. लहान मुलींच्या खोलीतला बल्ब काढून मोठा लावायला मामांना सांगितलं. मग बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर खडूने लिहिलं : हे बंद करायचं नाही.